पोच

ऐरोलीत, सातव्या मजल्यावर
माझ्या वाट्याला सत्तावीस देश आहेत.

दुपारी दीडला मी कार्ड टेकवते
तेव्हा तिकडे कुणीतरी सकाळच्या कॉफीवर
चिडून लिहीत असतं :
सीमेवर तीन तास उभं केलं.
पेन्शन या देशात कमावलं, त्या देशात अडकलं.
मुलीच्या आडनावातलं एक अक्षर शाळेने गाळलं,
ते त्यांच्या लिपीत नाही म्हणे.

यंत्र त्याचं मोडकं इंग्रजी करतं.
मी वाचते, खाना निवडते.
चोपन्न खाने. प्रतिष्ठा. ये-जा. सुनावणी.
न्याय मी देत नाही, फक्त पोच देते :
आपली तक्रार मिळाली, क्रमांक अमुक.
चोवीस तासांच्या आत. उशीर झाला
तर सुखठणकर मॅडम खुर्ची फिरवून नुसत्या बघतात.

फॉर्मच्या तळाशी एक प्रश्न असतो :
तुम्हाला काय हवं आहे?
एका म्हाताऱ्याने लिहिलं होतं,
त्या दिवशी मी तिथे होतो, एवढं त्यांनी मान्य करावं.
हे कुठल्या खान्यात घालायचं
मला अजून कळलेलं नाही.

घर गोठिवलीत, गाडीने बारा मिनिटं.
पण आठनंतर बाईला गाडी द्यायची असा नियम,
म्हणून साडेदहाला हसिबुल येतो.
मुर्शिदाबादचा. मराठी माझ्या आईपेक्षा शुद्ध,
कारण तो ती एफएमवरून शिकला.
ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंटेनर अंगावर आला
की म्हणतो, आधी तुम्ही, महाराज.

मंगळवारी दुसराच ड्रायव्हर.
'त्याला नेलाय. कागद तपासायला.'
कधी?
'काल, अडीचला.'
कुठे, तर त्याने गिअर टाकला.

हाताला सवय. डोक्यात फॉर्म उघडला.
नाव. ठिकाण. कोणता हक्क.
बोटांवर मोजलं : बत्तीस तास.
चोवीसचा आकडा आपल्याही पुस्तकात आहे,
धरलेल्या माणसाला तेवढ्यात
न्यायाधीशासमोर उभं करायचं.
नागरिकशास्त्रात पाच गुणांना यायचा.
मला साडेचार मिळाले होते.

बाबा जागे होते.
'आपली खाजन गेली तवा कोनी इचारला व्हता?
तू कशाला जातंस?'
असं म्हणत स्वतःच चप्पल शोधू लागले.

रबाळे ठाण्यात अंमलदाराने अर्ज वाचला,
उलटा करून कोरी बाजूही पाहिली.
'तुम्ही त्याच्या कोण?'

सत्तावीस देशांत
हा प्रश्न मला कधी विचारावा लागला नव्हता.
बहीण नाही, वकील नाही.
रोज बारा मिनिटं त्याच्या मानेमागे बसते.
म्हटलं, 'प्रवासी.'
'मग?'

मग काही नाही.
तो इथे नव्हता, वर पाठवला होता.
वर म्हणजे कुठे, हे मी विचारलं,
मग बाबांनी विचारलं, जरा मोठ्याने.
बाकाखाली लाल झाकणाची बाटली होती,
त्याची, किंवा तसलीच दुसऱ्या कुणाची.

'अर्ज ठेवून जा.'
'पोच द्या.'
'अहो, सकाळी साहेब आले की...'
'दुसऱ्या प्रतीवर. वेळ घालून.'
आवाज माझा, पण नजर सुखठणकर मॅडमची.

शिक्का बसला तो मंगळवारचा.
भिंतीवर बारा वाजून दहा.
मी त्याला तारखेचं चाक फिरवायला लावलं,
पुन्हा उमटवायला लावलं.
शेवटची ओळ शिक्क्याखाली अर्धी झाकली गेली,
तिथे रकाना नसताना मी लिहिलं होतं,
काय हवं आहे : तो कुठे आहे, ते.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, दे इकडं.
घडी घातली, आणि खणातल्या
साडेबारा टक्क्यांच्या फाईलमध्ये ठेवली.
चाळीस वर्षांची फाईल.
वरपासून खालपर्यंत
नुसती पोच.